डिस्क काढू नये

"हे काय आहे?" व्यंकटेशशेठनी विचारलं.

टेबलावर हार्ड डिस्क होती. तिच्यावर वाळलेलं हळदकुंकू होतं, वायर लावायच्या खाचेत झेंडूची एक पाकळी अडकली होती आणि कडेला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते. प्रश्न मला होता, पण शेठ बघत होते अंबूमावशींकडे.

"मॅडमची पेटी हाय," मावशी म्हणाल्या.

"कुठं होती?"

"देवाच्या कपाटात. तुमच्याच."

ते कपाट शेठच्या खुर्चीच्या मागेच होतं; सकाळी मी डिस्क शोधू लागले तेव्हा मावशींनीच ती तिथून काढून दिली होती. सतरा दिवस ते त्या डिस्ककडे पाठ करून बसत होते आणि रोज सकाळी तिच्यासमोर उदबत्ती ओवाळत होते. हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही.

तो शनिवार होता, २२ ऑक्टोबर २०११, सकाळचे अकरा. सोलापूरच्या एमआयडीसीत आमचा चादरी आणि टॉवेलचा कारखाना होता. मी तिथल्या डिझाइन रूममधल्या कॉम्प्युटरची व्यवस्था बघत होते. व्यवस्था हा माझा शब्द. हजेरीपटावर 'ऑपरेटर' असं होतं. सकाळी नऊ चाळीसला खांबावरची न्यूट्रलची तार तुटली, डिझाइन रूममध्ये दुप्पट दाबानं वीज आली आणि दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, पंखा, ट्यूबलाइट असं सगळं एकदम जळालं. मागांना काही झालं नाही. त्यामुळे शेठ अकरापर्यंत शांत होते.

केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. शेठ, मी, डिझाइन रूम झाडणाऱ्या आणि चहा करणाऱ्या अंबूबाई म्हेत्रे आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर नरसय्या येमूल. नरसय्या अण्णा अडुसष्ट वर्षांचे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक चादरीचं डिझाइन चाळीस वर्षं त्यांनी काढलं होतं. मोर, कमान, वेल, हत्तींची रांग, सगळं त्यांचं.

"काय काय गेलं ते सांगा," शेठ मला म्हणाले.

"या डिस्कवर चार ऑक्टोबरपर्यंतचं सगळं आहे. मी दुसरा अडॅप्टर लावून लॅपटॉपवर उघडून पाहिलं. अण्णांची जुनी अकराशे चाळीस डिझाइन्स सुखरूप आहेत. पाच तारखेनंतरचं काम गेलं. टॉवेलची आठ नवी डिझाइन्स."

"मंगळवारी मुंबईची पार्टी बघायला येणार ती?"

"तीच."

"पुन्हा काढीन," अण्णा म्हणाले. "आठच आहेत."

"अण्णा, तीन दिवसांत?"

अण्णांनी बोटं मोजल्यासारखी केली.

शेठ मावशींकडे वळले. "ही तू काढलीस?"

"खंडेनवमीला. पूजेला."

"मी मागितली होती," अण्णा म्हणाले. "दरवर्षी माझी पंचिंगची मशीन आणि पहिलं कार्ड पाटावर ठेवायचो. आता कार्डं राहिली नाहीत. सगळं हिच्यात आहे म्हणे, म्हणून म्हटलं, हिला ठेवा."

"अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका. वायर कुणी काढली?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"मग परत का नाही लावलीस?"

"मी कशी लावू? मॅडमनी सांगितलंय, वायरीला हात लावायचा नाही."

"काढताना लावलास ना?"

"काढायला अण्णांनी सांगितलं. लावायला कुणी सांगितलं नाही."

यात चूक काढायला जागा नव्हती. मला मात्र तेव्हा हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

शेठनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, एकच सांगा. डिस्क जागेवर असती तर आठ डिझाइन वाचली असती का नाही?"

"वाचली असती," मी म्हटलं.

"साडेतीनला मला लेखी द्या. विम्यालाही लागेल. ज्याची चूक असेल तो सोमवारपासून नको."

मावशी चौदा वर्षं तिथे होत्या. नवरा मागावर कापसाची धूळ खाऊन घरी बसला होता, घरात दुसरं कुणी मिळवतं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "मग आता चहा ठेवू का?"



इथे चहाबद्दल सांगायला हवं, कारण तो माझ्या कामाचा भाग होता.

अण्णांची डिझाइन्स आधी पुठ्ठ्याच्या कार्डांवर होती. भोकं पाडलेली कार्डं एकापुढे एक शिवून त्यांचा पट्टा करायचा आणि तो मागावर चढवायचा. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. अशा पट्ट्यांनी एक अख्खी खोली भरली होती. आम्ही दोन वर्षं खपून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. मग मी शेठना सुचवलं की कार्डं रद्दीत द्यावीत, जागा अडते. टेम्पो भरत होता तेव्हा अण्णांनी मला विचारलं होतं, "आणि हे तुझ्या डब्यातून गेलं तर?"

"जाणार नाही, अण्णा. रोज एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. आपोआप."

आपोआप हा तेव्हाचा माझा आवडता शब्द. मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला होता, हैदराबादेत तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेल्या सूचनांची यादी. वेळ झाली की तो ती वरून खाली वाचतो आणि तसं करतो. माझी यादी तेरा ओळींची होती. रोज दुपारी सव्वाचारला डिझाइनचा सगळा फोल्डर घ्यायचा, त्याचं दाबून एक गाठोडं करायचं, गाठोड्याला तारखेचं नाव द्यायचं, ते बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं. शेवटी पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' असं छापायचं. सगळ्यात वर मी माझं नाव टाकलं होतं, महानंदा बिराजदार, आणि त्याखाली 'आवृत्ती ३.२'. पहिली आणि दुसरी आवृत्ती कधीच नव्हती.

साधारण साडेचारला पडद्यावर ती ओळ यायची. मी खुर्ची मागे सरकवून म्हणायचे, "झालं, मावशी. चहा आणा." दीड वर्ष हा नेम होता. अंबूमावशींच्या दृष्टीनं कॉम्प्युटरचं कामच ते असावं, चहाची वेळ सांगणं. मी हे गमतीनं मैत्रिणींना सांगत असे. आमच्याकडे एक बाई आहे, तिला वाटतं कॉम्प्युटर म्हणजे भोंगा.

डिस्कचा अडॅप्टर ज्या सॉकेटमध्ये होता त्यावर मी छापलेली पट्टी चिकटवली होती: 'डिस्क काढू नये'. खाली सही. मावशींना वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं. पट्टी लावताना ते माझ्या मनात आलं नाही.

साडेबाराला मी अहवालासाठी डिझाइन रूममध्ये परत गेले. जळक्या प्लास्टिकचा वास अजून होता. मला मुद्दे हवे होते, म्हणून मी एकेक वस्तू बघून वहीत लिहीत होते. पहिला कॉम्प्युटर, जळाला. दुसरा, जळाला. यूपीएस, जळाला, आणि त्यानं कुणालाही वाचवलं नाही. मग मी माझ्या पट्टीपाशी आले.

सॉकेट काळं पडलं होतं. पट्टीचा खालचा अर्धा भाग करपला होता, सहीसकट. अडॅप्टर अजून त्यातच होता. मावशींनी वायर डिस्कच्या बाजूनं उपसली होती, भिंतीच्या बाजूनं नाही. म्हणजे पट्टी लावलेल्या सॉकेटला त्यांनी हातही लावला नव्हता. अडॅप्टर फुगून फुटला होता. आतलं तांबं दिसत होतं.

मी तो हातात घेऊन उभी राहिले. डिस्क जागेवर असती तर या अडॅप्टरच्या दुसऱ्या टोकाला असती. एका वायरीनं भिंतीला आणि दुसरीनं कॉम्प्युटरला बांधलेली. दोन्हीकडून जळाली असती. आठ डिझाइन्स तरीही गेलीच असती, आणि त्यांच्याबरोबर अकराशे चाळीस. कार्डं रद्दीत गेलेली होतीच.

प्रत बाहेर जाते, असं मी अण्णांना सांगितलं होतं. ती बाहेर म्हणजे कॉम्प्युटरपासून दीड फुटावर जात होती, त्याच फळीवर, त्याच विजेवर. खरोखरीची बाहेर ती एकदाच गेली, हळदकुंकू लावून, शेठच्या कपाटात.

मग मी लॅपटॉप उघडला. स्क्रिप्टची एक प्रत त्यात होती. मला एक गोष्ट समजत नव्हती: डिस्क पाच तारखेपासून कपाटात, तर सतरा दिवस स्क्रिप्ट गाठोडी ठेवत कुठे होती?

दोन मिनिटांत समजलं. बाहेरची डिस्क जोडली की ती कॉम्प्युटरमधल्या एका ठरावीक फोल्डरच्या जागी उघडते. डिस्क काढली तरी तो फोल्डर राहतोच, रिकामा. दारावरची पाटी तीच, आतली खोली दुसरी. माझी स्क्रिप्ट पाटी वाचत होती. खोली कुणाची हे ती बघत नव्हती, कारण बघ असं मी तिला लिहून दिलं नव्हतं. सतरा दिवस ती कॉम्प्युटरमधला माल उचलून त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवत होती. आणि तेरावी ओळ वरच्या बारा ओळींशी कसलाही संबंध न ठेवता रोज छापत होती, 'बॅकअप पूर्ण'. वरच्या बारा पुसून टाकल्या असत्या तरी तिनं तेच छापलं असतं.

डिस्क जागेवर आहे का ते बघ, नसेल तर थांब. एवढं लिहायला एक ओळ लागते.

दुपारी दोनपर्यंत माझा अहवाल तयार झाला. इंग्रजीत, एक पान, चार मुद्दे. बावीस तारखेला विजेचा दाब वाढून उपकरणं निकामी झाली. बॅकअपची डिस्क पाच तारखेला श्रीमती अंबूबाई म्हेत्रे यांनी परवानगीविना काढली. पाच तारखेपासूनचं काम त्या डिस्कवर उपलब्ध नाही. यापुढे अप्रशिक्षित कर्मचाऱ्यांना डिझाइन रूममध्ये प्रवेश देऊ नये. मी तो दोनदा तपासला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

अडॅप्टर मी पर्समध्ये टाकला. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

साडेतीनला आम्ही चौघं पुन्हा केबिनमध्ये होतो. शेठनी कागद हातात घेतला, वरून खाली पाहिला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"इंग्रजीत आहे?"

"हो."

"मग चालेल. तोंडी सांगा काय ते."

मी चारही मुद्दे मराठीत सांगितले. मावशी खाली बघून ऐकत होत्या. त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, हजेरी घेताना हलवतात तशी.

"तुला काय म्हणायचंय?" शेठनी विचारलं.

"काढली मी. ते खरंच हाय. पण मी मॅडमना सांगितलं होतं की."

"काय सांगितलं होतंस?"

"पेटी देवाजवळ ठेवलीय म्हणून. दसरा झाल्यावर मॅडम कामावर आल्या त्याच दिवशी."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम?"

सात तारीख, शुक्रवार. मी दोन दिवसांच्या रजेवरून आले होते. दुपारचे साडेचार. मावशी दारात उभ्या राहून काहीतरी पेटीबद्दल बोलत होत्या. मी पडद्याकडे बघत होते. मी 'हं' म्हटलं होतं.

"मला नाही आठवत," मी म्हटलं.

मावशींना राग आला नाही. मला खरंच आठवत नाहीये असं धरून त्या मदतीला धावल्या. "आठवा की मॅडम. तुम्ही त्या टीव्हीकडं बघून म्हणाला, झालं मावशी, चहा आणा. तवाच मी सांगितलं, पेटी देवाजवळ हाय, पूजलेली हाय, तुम्हीच न्या. तुम्ही हं म्हणाला. मग मी आल्याचा चहा केला, तुम्हाला सर्दी होती म्हणून."

"चहाचं काय मध्येच?" शेठ म्हणाले. "रोजच करतेस तू चहा."

"रोजच की. मॅडम झालं म्हणल्याबिगर मी गॅस पेटवत नाही. पाच तारखेपासून बी एक दिवस चुकला नाही. मॅडम रजेवर होत्या ते दोन दिवस सोडून."

स्टुलावर अण्णा हलले. त्यांनी आधी मावशींकडे पाहिलं, मग टेबलावरच्या डिस्ककडे, मग माझ्याकडे.

"पेटी कपाटात होती," ते सावकाश म्हणाले, "आणि रोज 'झालं' येत होतं?"

"अण्णा, ते टेक्निकल असतं," शेठ म्हणाले. "ते मॅडमना कळतं. हो ना?"

"हो," मी म्हटलं.

"झालं तर मग." शेठनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "अंबूबाई, आजचा दिवस भरा. हिशेब अकाउंट्समधून घ्या. यात माझं मन नाही, पण शिस्त म्हणून असतं काही."

मग त्यांनी डिस्क उचलली, रुमालानं तिच्यावरचं कुंकू पुसलं, आणि ती कुठे ठेवावी ते न सुचून परत देवाच्या कपाटात ठेवली.

डिझाइन रूममध्ये पंखा बंद, दिवे बंद. अण्णा खिडकीजवळ बसले. त्यांनी कुठून तरी जुना आलेखाचा कागद शोधून आणला होता आणि पेन्सिलीला टोक करत होते. टॉवेलची पहिली किनार त्यांनी उभ्या रेघांनी आखायला घेतली. मी माझ्या टेबलापाशी बसले. समोर काळा पडदा होता.

मान वर न करता अण्णा म्हणाले, "पोरी, मागावर दोरा तुटला तर काय होतं?"

"माग थांबतो."

"आपोआप?"

"हो."

"तीच सोय करायला आमच्या लोकांना किती वर्षं लागली असतील. नाहीतर दोरा तुटलेला, आणि माग आपला विणतोय, विणतोय. कापड भरत जातं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा." त्यांनी चौकोन मोजले, एक भरला. "न थांबणारा माग असला तर आम्ही मागाला बघतो. झाडणाऱ्या बाईला नाही."

"अण्णा, तुम्ही शेठना सांगू शकता."

"मी काय सांगू? मला त्यातलं काय कळतं? टेक्निकल आहे ते." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला कळतं."

मी लॅपटॉप उघडला आणि बंद केला. केबिन अठरा पावलांवर होती. शेठ साडेपाचपर्यंत बसत. अडॅप्टर पर्समध्ये होता. तो टेबलावर ठेवला असता तर इंग्रजीही लागलं नसतं. मी घड्याळात पाहिलं. चार वीस. एक मुद्दा मनात मांडला, मग दुसरा. हैदराबादच्या एका कंपनीत माझी मुलाखत ठरलेली होती, दिवाळीनंतर. त्यांना इथलं शिफारसपत्र हवं होतं, आणि माझ्या अर्जात पहिल्याच ओळीत होतं: स्वयंचलित बॅकअप यंत्रणा उभारली. घड्याळात पाहिलं. चार सत्तावीस.

दारात पावलं वाजली. अंबूमावशी होत्या. हातात कापडी पिशवी. तिच्यात त्यांचा डबा, पोळपाटाएवढा आरसा आणि भिंतीवरची मार्कंडेयाची तसबीर. तसबीर अण्णांनीच कधीतरी आणून दिली होती. त्या आत आल्या नाहीत. आत यायला आता मनाई होती, माझ्या चौथ्या मुद्द्याप्रमाणे. तो त्यांना कुणीतरी सांगितला असावा. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून त्यांनी जळलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

रोज मी सांगायचे. त्या दिवशी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या विचारायला आल्या होत्या.

"मॅडम, साडेचार वाजले. आजचं झालं का? म्हंजे चहा ठेवते, आणि मग जाते."

अण्णांची पेन्सिल थांबली.

पडद्यावर काही नव्हतं. पडदा जळालेला होता, कॉम्प्युटर जळालेला होता, डिस्क कपाटात होती आणि तेरा ओळी कुठेही चालत नव्हत्या.

"झालं," मी म्हटलं. "आणा."

त्या दिवशीही त्यांनी आलं घातलं होतं.